नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी करताना 'स्वतः ठरवून शिकणं' म्हणजे काय?

तुम्ही गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात आहात, मशिनं बदलतायत म्हणून पदवी करायची म्हणता. सवडीने व्याख्यान लावणं एवढाच 'स्वतः ठरवून शिकणं' याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्ट्यूअर्ट हेस आणि ख्रिस केनियन यांनी २००० साली या कल्पनेला 'ह्यूटागॉजी' असं नाव दिलं. काय शिकायचं, कसं, आणि ते आलं हे कशावरून ओळखायचं, हे शिकणाऱ्याने ठरवायचं.

मी फोंड्याहून शिफ्टला जाताना कदंबच्या बसमध्ये कानाला हेडफोन लावून महिनोन्‌महिने व्याख्यानं ऐकली. डोक्यात फारसं काही राहिलं नाही. मग वही घातली. डाव्या पानावर आज कामात कुठे अडलो, उजव्या पानावर त्यासाठी काय शिकलो. एक नोंद अशी: 'लेबल तपासणारा कॅमेरा चांगले डबेही बाहेर टाकतो.' मला वाटलं, कॅमेरा बिघडला. शोधत गेलो तर स्वीकारायची मर्यादाच फार कडक लावलेली. ती कशी ठरवतात हे कळायला संख्याशास्त्र उघडावं लागलं. त्या दिवशी मशिनकडे बघायची माझी समजूतच बदलली. खरं शिक्षण मी याला म्हणतो.

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम भरपूर आहेत, पण त्यांचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, तुमचं विद्यापीठ धरतं का, हे नाव घालण्याआधी विचारा. आणि पहिल्या सत्रात सगळं मोकळं सोडू नका. नेमलेला अभ्यास करा, वही मात्र पहिल्याच दिवशी सुरू करा.