मोटारींशिवाय, जंगलातून चार-पाच दिवसांची सायकल सफर अमेरिकेत कुठे करता येईल?

तुमच्या अटी तीन: मागून ट्रक यायला नको, जंगल हवं, आणि रोजचा सराव पंचवीस-तीस किलोमीटरचाच असल्यामुळे चढ झेपणारे हवेत. त्यात तुम्ही राहता पिट्सबर्गला. मग लांब जायचं कारणच नाही. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज, ज्याला इथे सगळे ‘गॅप’ म्हणतात, तुमच्याच शहरातल्या पॉइंट स्टेट पार्कपासून निघतो आणि मेरीलँडमधल्या कंबरलंडला संपतो. अंतर २४० किलोमीटर. तिथून पुढे चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट धरली, तर आणखी २९७ किलोमीटरवर वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन. पण चार-पाच दिवसच हाताशी असतील तर फक्त गॅप करा. कालव्याच्या मोहात या खेपेला पडू नका.

गॅप म्हणजे मुळात रेल्वेमार्ग. डोंगरातल्या भागात वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची गाडी १९७५ मध्ये थांबली, रूळ निघाले, ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये सायकलींना खुला झाला, आणि तुकडे जोडत जोडत पिट्सबर्गपर्यंत यायला २०१३ उजाडलं. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्याचा फायदा आपल्याला. बोरघाटात आपली रेल्वे ३७ फुटांमागे १ फूट चढते. गॅपवरचा सर्वांत कडक चढही पावणेदोन टक्क्यांच्या आतला, म्हणजे त्याहून बराच सौम्य आहे. शिवाय तो कंबरलंडच्या बाजूला आहे. तुम्ही पिट्सबर्गहून निघालात तर सुमारे पाचशे मीटरची उंची दोनशे किलोमीटरमध्ये विभागून मिळते आणि शेवटचे ३८ किलोमीटर नुसता उतार. उलट दिशेने जाणारेही पुष्कळ असतात. पहिल्या सफरीला मी तसं करणार नाही.

चढाची धास्ती सोडा, काळजी बुडाची करा. एवढ्या सपाट वाटेवर सायकल आपोआप घरंगळत नाही, दिवसभर पायडल मारत राहावं लागतं आणि बसायची जागा बदलत नाही. निघण्याआधी महिनाभर तरी शनिवार-रविवारी लागोपाठ ५०-५० किलोमीटर सामानासकट चालवा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवतंय का, हीच खरी परीक्षा.

मुक्काम असे धरता येतील: वेस्ट न्यूटन (५७-५८ किमी), ओहायोपाइल (आणखी ६७), मायर्सडेल (६४), कंबरलंड (५१). पहिला दिवस अर्धा शहराचाच आहे. जुने कारखाने, पूल, मालगाड्या. जंगल हवं म्हणून आलेल्याला जरा खट्टू व्हायला होतं. मॅकीसपोर्ट सोडल्यावर यॉकोगेनी नदी सोबतीला येते आणि मग कॉन्फ्लुअन्स नावाच्या गावापर्यंत ती साथ सोडत नाही. ओहायोपाइलच्या आसपासचा पट्टा सगळ्यांत देखणा. एक दिवस जास्तीचा असेल तर तो इथेच घालवा. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचं ‘फॉलिंगवॉटर’ हे धबधब्यावरचं घर इथून जवळच आहे, मात्र तिथला रस्ता मोटारींचा आणि चढउतारांचा, त्यामुळे तुमच्या अटीत बसत नाही.

मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरी व्हायाडक्ट लागतो. सुमारे ५८० मीटर लांबीचा पूल, खाली शेतं आणि मोटारींचा हायवे. त्या हायवेकडे वरून बघायला मला फार आवडतं, त्यात थोडा दुष्टपणाही आहे. पुढे ७२९ मीटर उंचीवर पूर्वेचा जलविभाजक. त्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जातो, दुसऱ्या अंगाचा पोटोमॅक नदीतून अटलांटिकला. लगेच बिग सॅव्हेज बोगदा, जवळजवळ एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, तरी भर उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून जाकीट वरच ठेवा. हिवाळ्यात बोगदा बंद करतात आणि त्याला वळसा घालायचा म्हणजे डोंगरातले मोटाररस्ते. तेव्हा मे महिना, नाहीतर मध्य-सप्टेंबर ते ऑक्टोबर. पानगळीत रंग बघायला मिळतात, पण शिकारीचा हंगामही असतो. भडक नारिंगी बंडी घाला.

आता कालव्याबद्दल. त्याचं बांधकाम ४ जुलै १८२८ ला सुरू झालं, जायचं होतं पार पिट्सबर्गकडे, ओहायो नदीपर्यंत. गंमत अशी की बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पायाभरणीही त्याच दिवशीची. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये, आणि तिथेच थकला. १९२४ च्या पुरानंतर होड्या बंदच पडल्या. पुढे त्याच्यावरून मोटाररस्ता करायचं घाटत होतं आणि १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखात त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर निमंत्रण दिलं: माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंत डग्लस चाललेसुद्धा. पोस्टने आपली भूमिका मवाळ केली आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. एरवी आज तिथे मोटारीच धावल्या असत्या.

एवढं असूनही तुम्हाला नको म्हणतोय त्याचं कारण चिखल. गॅपवर दाबून बसवलेली चुनखडीची बारीक खडी आहे, पाऊस थांबल्यावर लवकर निथळते. कालव्याची वाट खेचरांसाठी केलेली, होड्या ओढत ती चालायची. काही तुकडे नव्याने दुरुस्त केलेत, बाकी ठिकाणी मुळं, खड्डे आणि दोन दिवस न हटणारी डबकी. दिवसाला ६५ किलोमीटर ठरवावेत आणि पावसाने ४० वर आणावेत, असा प्रकार. सुट्टी आठ दिवसांची असेल तेव्हा जरूर जा. दर काही मैलांवर फुकट तंबू ठोकायच्या जागा आहेत, हातपंप आहेत. पंपाच्या पाण्यात आयोडीन घालतात. चव कळते, पण चालतं.

सायकल कुठलीही चालेल, टायर मात्र किमान ३५-४० मिलिमीटर रुंद असावेत, मडगार्ड असावेत, आणि सामान पाठीवर न घेता कॅरिअरच्या पिशव्यांत. दोन ट्यूब बरोबर ठेवा. शाकाहारी असाल तर छोट्या गावांत पिझ्झा आणि बटाट्यापलीकडे फारसं मिळत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तीन दिवस सहज टिकते. तंबूत राहिलात तर हे खाणं रात्री आत ठेवू नका, भागात काळी अस्वलं आहेत. अस्वलापेक्षा त्रास गोचिडीचा: लाइमचा आजार तिच्यामुळे होतो, रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासून बघा. रात्री नदीपलीकडून मालगाड्या जातात, कानात घालायला बोळे न्या.

परतीसाठी कंबरलंडहून अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वेची, गाडी आहे. संध्याकाळी निघते आणि मध्यरात्रीच्या सुमारास पिट्सबर्गला सोडते. सायकल न खोलता चढवता येते, पण तिच्यासाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्याच असतात. म्हणून आधी सायकलची जागा पक्की करा आणि त्यावरून निघायची तारीख ठरवा. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार फार लवकर भरतात.