मावशींना विचारा : बाविसाव्याच्या आधी एकविसावं

प्रश्न : सलाम मावशी. मी भांडुपला राहते, बँकेत नोकरी करते. आमची मंडळी, म्हणजे चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). यंदा पाळकसाहेबांनी (पास्टरनी) मला मंडळीच्या कमिटीला उभी राहा म्हटलं, हिशेब बघायला माणूस हवंय. घरी सांगितलं तर ह्यांनी पवित्र शास्त्र काढून इफिसकरांस पत्रातलं वचन वाचलं, बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं. वर ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं’ हेही ऐकवलं. नवरा वाईट नाही, पीत नाही, मारत नाही. सासूबाई वीस वर्षं शब्बाथ शाळा (संडे स्कूल) घेतात, त्या गप्पच राहिल्या. सभा महिन्यातून एकदा, संध्याकाळी साडेसातला. नाव मागे घेऊ का?

उत्तर : अगं, ‘मारत नाही’ हा गुण म्हणून लिहू नकोस. तेवढं तर धरूनच चालायचं.

आता शास्त्र. माझ्या सासूबाईंच्या जुन्या बायबलात इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचं बाविसावं वचन, ह्यांनी वाचलं तेच, लाल पेन्सिलने दोनदा अधोरेखित केलंय, एकविसावं कोरं. तिथे लिहिलंय, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! पुष्कळ छापील प्रतींत या दोहोंच्या मधोमध एक शीर्षक येतं, म्हणून वाचणारा बाविसाव्यापासूनच सुरुवात करतो. शीर्षक छापणाऱ्यांचं, पत्र लिहिणाऱ्या पौलाचं नव्हे. मला ग्रीक येत नाही, पण आमच्या एका पाळकबाईंनी दाखवलं होतं, सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत बाविसाव्यात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून उसनं घ्यावं लागतं. आणि मोजून बघ. बायकोला सांगितलंय तीन वचनांत. पुढे पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं नवऱ्यालाच, ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसं प्रेम कर म्हणून. तेवढं ह्यांनी वाचून दाखवलं का?

गप्प राहण्याचं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या अकराव्यात प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांनी डोकं झाकावं म्हटलंय. तोंडच उघडायचं नसेल तर पदर कशाला? रोमकरांस पत्र संपतानाही पौल फीबी नावाच्या बाईला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो, आणि प्रिस्किल्लाचं नाव तिच्या नवऱ्याच्या, अक्विल्लाच्या आधी घेतो.

तुझ्या नवऱ्यासारखं मनापासून मानणारी माणसं मुंबईत खूप आहेत, त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. ब्रदरन पंथाच्या मंडळ्यांत बायका सभेत बोलत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली ते पक्कं केलं. पण तुमची मंडळी सीएनआयची, तिथे स्त्रिया पाळक होतात. दक्षिणेत सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. आपल्याकडेच बघ ना. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, आणि पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. विधवा बाई. कोणत्या नवऱ्याची परवानगी घ्यायची होती त्यांनी?

पण खरं सांगू? तुझ्या पत्रात मला पौलापेक्षा ते साडेसात जास्त खुपलं. साडेसातला सभा म्हणजे जेवण कोण वाढणार? मी महिला मंडळाची खजिनदार झाले तेव्हा आमच्या ह्यांनाही अचानक वचनं आठवू लागली होती. परळच्या वर्कशॉपात दिवसभर इंजिनं उघडणारा माणूस, पहिल्या सभेच्या रात्री कुकरला शिटी न लावता वरण ठेवून बसला. भायखळ्याच्या घराच्या छतावर तो पिवळा डाग दोनदा रंग देऊनही वर येतो. तिसऱ्या महिन्यात मात्र भात-वरण जमलं, आणि वचनं बंद झाली. तेव्हा आधी महिन्यातल्या त्या एका संध्याकाळची सोय बोलून घे.

आणि तुझ्या सासूबाई. पौलाने तीमथ्याला लिहिताना बायकांना मनाई केली ती शिकवायची, पैसे मोजायची नाही. म्हणजे वीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या आईला ह्यांनी अडवलं नाही, आणि हिशेब बघणाऱ्या बायकोला वचन दाखवतात! त्या गप्प राहिल्या याचा अर्थ विरोध आहे असं समजू नकोस. नाव मागे घेऊ नकोस. अर्जावर सूचक लागतो ना? रविवारी उपासनेनंतर कागद घेऊन त्यांच्याकडेच जा, आणि पेन तुझंच ने, त्यांचा चष्मा पर्समध्ये आहे का तेही आधी बघून ठेव.