नॉरिचजवळ कोंबड्या पाळणे, त्या मारणे आणि तिथल्या गावांची नावे

शहाद्याहून इकडे येण्याची तयारी करताना तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. परसात कोंबड्या पाळून त्या घरच्या घरी खाण्यासाठी मारता येतात का, हा पहिला. आणि इंग्लंडमधील नॉरिच शहराच्या आसपासच्या गावांची नावे लिहिल्याप्रमाणे वाचली तर चालते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होय असे आहे, पण आपल्या गावाकडच्या पद्धतीने नव्हे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा नाही असे आहे. मी मूळची पारोळा तालुक्यातली, शेतकरी घरातली. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फक काउंटीत स्थायिक झाल्यावर इथेही कोंबड्या पाळत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाळण्याविषयी. १९५० च्या एका कायद्याने इथे स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर, धंदा म्हणून नव्हे तर घरापुरत्या, कोंबड्या आणि ससे ठेवण्याची मुभा दिलेली आहे. मात्र त्या मुभेत कोंबडा येत नाही. पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजाऱ्याने तक्रार केली तर नगरपरिषद दखल घेऊ शकते, त्यामुळे वस्तीत कोंबडा ठेवण्याचा आग्रह धरू नये. भाड्याच्या घराचा करार नीट वाचावा आणि घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंदणी करणे बंधनकारक आहे. पक्षी आणल्यापासून महिन्याच्या आत ही नोंदणी करावी लागते आणि तिला पैसे पडत नाहीत. बर्ड फ्लूची साथ आली की पक्षी बंदिस्त ठेवण्याचे आदेश निघतात, म्हणून खुराड्याला जोडून जाळीची आणि छत घालता येईल अशी मोकळी जागा सुरुवातीलाच करून ठेवावी.

आपल्याकडच्या माणसाला सर्वांत अवघड जाणारा नियम चाऱ्याचा आहे. कालची भाकरी, उरलेला भात, भाजीची देठे कोंबड्यांपुढे टाकणे ही आपली रीत. इथे घरातल्या स्वयंपाकघरातून गेलेले काहीही कोंबड्यांना घालणे बेकायदेशीर आहे. २००१ साली लाळ-खुरकताच्या साथीने या देशातील पशुधनाचे अतोनात नुकसान झाले, तेव्हापासून उष्ट्या-खरकट्यावरचे निर्बंध असे कडक झाले. ज्या घरात कोणताही प्राणिजन्य पदार्थ येत नाही, त्या घराला सूट आहे, परंतु दूध, दही, तूप असलेले आपले शाकाहारी घरही त्या सवलतीत बसत नाही. परसातून तोडून थेट खुराड्यात नेलेला कोबीचा पाला चालतो; तोच पाला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून आला तर चालत नाही. शिवाय आजाराने मेलेली कोंबडी परसात पुरता येत नाही, तिची विल्हेवाट मान्यताप्राप्त मार्गानेच लावावी लागते.

आता मारण्याविषयी. गावाकडे कोंबडी एक तर मुलाणीकाकांकडे नेतात, नाही तर घरातील जाणते माणूस पाय दाबून मानेवर सुरी फिरवते. शुद्धीत असलेल्या पक्ष्याची मान अशी कापली, तर रक्त वाहून जाईपर्यंतचे काही सेकंद त्याला भान असते. भूल न देता धार्मिक पद्धतीने कापण्याची मुभा इथे केवळ मान्यताप्राप्त कत्तलखान्यात आणि परवानाधारक व्यक्तीलाच आहे, घरच्या परसात नाही. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या घरच्यांच्या खाण्यासाठी मालकाने पक्षी मारायला वेगळा परवाना लागत नाही. पण पक्ष्याला टाळता येण्याजोग्या वेदना, त्रास किंवा भय होता कामा नये, ही जबाबदारी पूर्णपणे मारणाऱ्यावर असते. मला हा नियम मनापासून पटतो. ज्या तलंगेला आपण पिल्लू असल्यापासून दाणा घातला, तिच्या शेवटच्या मिनिटात आपण घाई किंवा हयगय करावी याला काहीही समर्थन नाही.

घरी वापरता येतील असे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे डोक्यावर आघात करून क्षणात बेशुद्ध करणारे खास उपकरण, आणि दुसरा म्हणजे हाताने मान निखळवणे. नुसत्या हाताने मान निखळवणे ३ किलोपर्यंतच्या पक्ष्यांसाठीच योग्य धरले जाते आणि त्यासाठीच्या साधनाने ५ किलोपर्यंत. ही मर्यादा कागदी नाही. जड पक्ष्याची मान जाड असते आणि ती एका झटक्यात सुटली नाही तर त्याचे हाल होतात. नॉर्फक ग्रे नावाची जात याच भागातली, तिचा पूर्ण वाढलेला कोंबडा ३ किलोच्या पुढे जातो. मांसासाठीची संकरित जात तर काही आठवड्यांतच तेवढी भरते. म्हणून जात निवडतानाच मारण्याचा विचार करावा आणि आदल्या संध्याकाळी पक्षी काट्यावर तोलून घ्यावा. जनावरांच्या वेदनारहित कत्तलीसाठी १९११ पासून काम करणारी एक ब्रिटिश धर्मादाय संस्था हाताचा मार्ग फार थोड्या पक्ष्यांपुरताच ठेवावा असे सांगते, आणि चिमट्यासारख्या हत्याराने मान चिरडण्याला तिचा स्पष्ट विरोध आहे.

माझ्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने मला हे शिकवले, तेही आधी मेलेल्या कोंबडीवर. डाव्या हातात दोन्ही पाय कमरेच्या उंचीवर धरायचे, पक्षी डोके खाली करून लोंबू द्यायचा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट कवटीच्या अगदी मागे, मानेच्या दोन बाजूंना येते, आणि अंगठा चोचीखाली. मग तो हात एकाच दमात खाली ओढायचा आणि त्याच वेळी डोके मागे वळवायचे. जोर धक्क्याचा नसतो, पण अर्धवटही नसतो. कवटी आणि पहिला मणका सुटतो तेव्हा बोटांखाली पोकळी स्पष्ट जाणवते. त्याने माझी बोटे धरून ती पोकळी चाचपायला लावली. ती एकदा हाताला कळली की पुन्हा शंका राहत नाही. नेमके हेच कोणत्याही चित्रफितीतून शिकता येत नाही, म्हणून जाणत्या पाळणाऱ्याकडून किंवा पशुवैद्याकडून शिकल्याशिवाय जिवंत पक्ष्याला हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगते.

त्याआधीची तयारीही तितकीच महत्त्वाची. आदल्या संध्याकाळी दाणा काढून घ्यावा, म्हणजे गळ्याजवळची दाण्याची पिशवी रिकामी होते; पाणी मात्र शेवटपर्यंत असू द्यावे. अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर बसल्या की त्या शांत असतात, तेव्हाच हवी ती कोंबडी उचलून वेगळी ठेवावी. दिवसा अंगणभर पाठलाग करून पकडलेला पक्षी आधीच भेदरलेला असतो. नेताना एका पायाने किंवा पंखांनी लोंबकळवू नये, अंगाशी धरून पंख हाताखाली दाबावेत. बाकीच्या कोंबड्यांसमोर हे काम करू नये.

मान निखळल्यावर साधारण मिनिटभर पंख जोरात फडफडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पक्षी जिवंत आहे असे वाटते, पण ती मज्जातंतूंची प्रतिक्रिया असते. खात्री दुसऱ्या खुणांनी करायची: श्वासाची लय थांबलेली, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावले तरी पापणी न हलणारी, मान पूर्ण सैल. यातील एकाही बाबतीत शंका असेल तर तत्क्षणी पुन्हा निखळवावे; थांबून पाहू नये. मृत्यूची खात्री झाल्यावरच मान कापून, पक्षी उलटा टांगून रक्त निथळू द्यावे.

पुढचे काम तुम्हाला ठाऊकच असेल. पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस असावे, उकळते नको, नाहीतर पिसांबरोबर कातडीही सोलून येते. पोट उघडताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. साफ केलेली कोंबडी लगेच गार करून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. मेल्यावर स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरण्याआधी शिजवले तर मांस चिवट राहते. अंडी देणे थांबलेली जुनी कोंबडी मात्र काही केले तरी वेळ घेते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी तीच उत्तम, तिला मंद आचेवर पुरेसा वेळ द्यावा.

राहिला गावांच्या नावांचा प्रश्न. तलंगा विकणारे, दाण्याचे दुकान, पशुवैद्य, हे सगळे लहान गावांतून असतात आणि फोनवर नाव बरोबर सांगितले नाही तर समोरच्याला कळतच नाही. वायमंडहॅम असे वाटणारे गाव विंडम आहे. कॉस्टेसी हे कॉसी, पोस्टविक हे पॉझिक, टॅकोलनेस्टन हे टॅकल्स्टन, आणि समुद्रकाठचे हॅपिसबर्ग दिसणारे गाव हेझ्बरा. हन्स्टॅन्टनला जुने स्थानिक लोक हन्स्टन म्हणतात. शेवटी हॅम असलेल्या नावांत तो ह बहुधा गळतो आणि नुसता अम राहतो: डीरम, फेकनम. पण रीपहॅम लिहिले जाणारे गाव रीफम आहे, तेव्हा नियम पाठ करूनही भागत नाही. स्टिफकी गावाचा जुना उच्चार स्ट्यूकी. तो आता मागे पडत चालला आहे आणि दोन्ही कानांवर पडतात. कारण असे की, अशा इंग्रजी नावांत बहुधा पहिल्या अक्षरावर जोर पडतो, पुढची अक्षरे शतकानुशतके बोलताना झिजत गेली आणि लेखन मात्र जुनेच राहिले.

अहिराणी बोलणाऱ्याला यात नवल वाटायला नको. आपल्या पाट्यांवर जळगाव आणि पारोळा लिहिलेले असते, तोंडात मात्र जयगाव आणि पारोया येते. इंग्रजांनी धुळ्याचे धुलिया केले ते वेगळेच. गावातला माणूस जसे म्हणतो तसे म्हणणे हा त्या गावाचा मान आहे, आणि इथले लोक विचारणाऱ्याला हसत नाहीत, आनंदाने दोनदा म्हणून दाखवतात. नकाशाच्या ॲपमधल्या आवाजावर मात्र विसंबू नका.

आल्याबरोबर कोंबड्या आणू नका. घर, करार आणि शेजारी यांचा अंदाज येऊ द्या, खुराडे बांधा, मग वसंतात तलंगा आणा. कोणत्या गावात घर ठरते ते कळवा, म्हणजे त्या गावाचा उच्चार आणि तिथून जवळचा कोणी जाणता पाळणारा मला माहीत असला तर तेही कळवीन.