इंटरव्हलला मराठीत काय म्हणायचं? टोकं धरून सांगू की सोडून?

प्रश्न असा आलाय : "मुलगी गणितात 'अंतराल' शिकते, पेटीच्या क्लासात 'स्वरांतर' ऐकते आणि नाटकाला गेलो की 'मध्यंतर' होतं. इंग्रजीत तिन्हीला इंटरव्हलच. मग मराठीत एकच शब्द का नाही? आणि जाता जाता, मध्यंतर बरोबर की मध्यांतर?"

जाता जाता विचारलेला प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. 'मध्य' आणि 'अंतर' यांचा संस्कृत नियमाने संधी केला तर मध्यांतर होतं, आणि हिंदीत तेच चालतं. मराठीत मात्र मध्यंतर रुळलं. "मध्यंतरी तो बाजारात दिसला होता" असं आपण म्हणतो. "मध्यांतरी दिसला होता" म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. तेव्हा मध्यंतर लिहावं. कोणी मध्यांतर लिहिलं म्हणून त्याच्या अंगावर धावून जाऊ नये. आणि हा शब्दही सगळीकडे चालत नाहीच. शाळेत मधली सुट्टी होते, कसोटी सामन्यात उपाहार आणि चहापान, फुटबॉलमध्ये पुन्हा मध्यंतर. बटाटावडा कुठे मिळतो त्यावर नाव ठरतं म्हणा ना.

आता मूळ प्रश्न. एकच शब्द नाही, कारण इंटरव्हल या एका नावाखाली इंग्रजीने निदान तीन गोष्टी ठेवल्यात : दोन टोकांमधली मोकळी जागा, टोकांसकट किंवा टोकांशिवायचा सलग पट्टा, आणि एका टोकाहून दुसऱ्यापर्यंतचं माप. मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या. माझ्या मते यात मराठीचं काही बिघडलेलं नाही. गोंधळ शब्दांच्या संख्येचा नसतोच, तो टोकं मोजायची की नाही याचा असतो.

मूळ लॅटिन शब्दात 'व्हॅलम' आहे, म्हणजे लाकडी खुंट रोवून केलेला तट, आपला मेढेकोट. दोन तटांच्या मधली जागा ती इंटरव्हल. याला अगदी समांतर असा अस्सल मराठी शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे खण. चोळीचा किंवा कपाटाचा नव्हे, घराचा. जुन्या वाड्यांत दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांत सांगतात : पाच खणांची ओसरी, तीन खणांची माडी. मोजायची ती जागा, खांब नाही. ओसरीच्या दोन्ही टोकांना भिंतीऐवजी खांब असतील तर पाच खणांना खांब सहा लागतात. पुलाचे गाळे तसेच.

गणितात हा खांबांचा हिशेब चोख करावा लागतो. दोन संख्यांच्या मधल्या सगळ्या वास्तव संख्या म्हणजे अंतराल. दोन्ही टोकं आत असतील तर संवृत, दोन्ही बाहेर असतील तर विवृत. (व्याकरणवाल्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. तोंड कमीजास्त उघडून म्हटल्या जाणाऱ्या स्वरांनाही संवृत आणि विवृत म्हणतात.) संवृताला चौकोनी कंस, विवृताला गोल. एक टोक आत आणि एक बाहेर असेल तर एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला गोल. असा कंस पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटते, पण ती तशी नसते.

शाळेत हेच वेगळ्या वेषात येतं, वर्गांतराच्या धड्यात. गुणांचे वर्ग २५-३५, ३५-४५ असे केले आणि एकाला बरोबर ३५ मिळाले, तर त्याला कुठल्या वर्गात घालायचं? असमावेशक पद्धतीत वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून तो ३५-४५ मध्ये जातो. आणि ३५ला पास असेल तर तो पासही होतो. 'काठावर पास' हा आपला वाक्प्रचार गणिताच्या भाषेत लिहायचा तर पास होण्याचा पट्टा [३५, १००] असा संवृत आहे एवढंच. ३५च्या आधीचा कंस गोल केला की बिचारा नापास.

संगीतात मात्र खरी मजा आहे, कारण तिथे एकाच स्वरांतराला चार वेगवेगळे आकडे लागतात. पेटीवर पांढरी एक हा सा धरा. प येतो पांढरी पाचवर. आता सा आणि प दोन्ही धरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजा : आठ. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर अशी पावलं मोजा : सात. फक्त सा रे ग म प म्हणत बोटं मोडा : पाच, म्हणून पाश्चात्त्य संगीतात याला 'फिफ्थ' म्हणतात. आणि जुन्या शास्त्रात सप्तकाचे जे बावीस बारीक भाग म्हणजे श्रुती धरतात, त्यांच्या हिशेबात हे अंतर तेरा श्रुतींचं. आठ, सात, पाच, तेरा. कानाला ऐकू येतं ते एकच.

पाश्चात्त्य पद्धत दोन्ही टोकं मोजते, त्यामुळे तिथली बेरीजही गमतीची. सा ते ग 'थर्ड', ग ते प पुन्हा 'थर्ड', दोन्ही मिळून 'फिफ्थ'. तीन अधिक तीन पाच, कारण ग दोनदा मोजला गेला. सा ते वरचा सा याला ते 'ऑक्टेव्ह' म्हणतात, त्यात आठाचा अर्थ आहे, आणि आपण सप्तक म्हणतो. आपण वरचा सा पुढच्या सप्तकाच्या खात्यात टाकतो. वर्गांतराच्या धड्यातली असमावेशक पद्धत ती हीच.

सगळ्यांत निर्लेप माप कंपनांच्या गुणोत्तराचं, कारण त्यात टोकं मोजायचा प्रश्नच येत नाही. हिशेबाला सोपं म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तीनास दोन या प्रमाणात प ३६०चा येतो, पाचास चार या प्रमाणात ग ३००चा. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून न छेडता जो गांधार (म्हणजे ग) ऐकू येतो, गवई ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात, तो याच प्रमाणातला, फक्त वरच्या सप्तकातला. पेटीत सप्तकाचे समान बारा भाग केलेले असतात, त्यांत मात्र प सुमारे ३५९.६ आणि ग सुमारे ३०२.४ पडतो. पंचमाचा, म्हणजे प चा, फरक कानाला जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. गांधाराचा जाणवतो, आणि पेटीवर चिडणाऱ्या गवयांच्या चिडीचं एक मोठं कारण तेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अशाच गुणोत्तरांच्या आधारे बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९१०चं.

आपल्याकडे इंटरव्हल या अर्थी अंतर हा शब्द भरताच्या नाट्यशास्त्रापासून आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असतं ते एकमेकांचे संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे, असं तिथे सांगितलंय : सा-म नऊ, सा-प तेरा. त्याच ग्रंथात गांधार दोन श्रुती चढवला की त्याचं नाव अंतर गांधार. दोन स्वरांच्या मधे बसणाऱ्या अशा स्वरांना साधारण म्हटलंय आणि ते समजावताना दाखला दिलाय तो ऋतूंच्या सांध्याचा : सावलीत थंडी वाजते, उन्हात घाम येतो, वसंत आला नाही असंही नाही आणि शिशिर सरला असंही नाही. व्याख्या कशी लिहावी याचा हा नमुना मला फार आवडतो.

अंतरा हाही याच घरातला. जुन्या प्रबंधगायनात ध्रुव आणि आभोग या भागांच्या मधे येणारा भाग तो अंतर, त्यावरून बंदिशीतला अंतरा. आता मात्र ख्यालात अंतरा स्थायीनंतर येतो आणि त्याच्यापुढे बहुधा काहीच नसतं, म्हणजे मधला म्हणावा तर दुसरी बाजूच गायब. स्वरांतर या शब्दाचंही असंच : जुन्या ग्रंथांत चार स्वरांच्या गानाला स्वरांतर म्हणत. आज तो दोन स्वरांमधल्या अंतरासाठी वापरावा, अडचण काही नाही.

अंतराल लिहिताना एक काळजी घ्या. ल चा ळ झाला की अंतराळ होतं आणि गणिताच्या वहीत एकदम यान सुटतं. शब्द मुळात एकच, संस्कृत अंतराल, म्हणजे मधली जागा. देवळांच्या स्थापत्यात ळ घेऊनही जुना अर्थ शाबूत आहे : सिन्नरच्या गोंदेश्वराला सभामंडप आणि गाभारा यांना जोडणारा जो अरुंद भाग आहे त्याला अंतराळ म्हणतात. तिथून आकाशाचा तुकडाही दिसत नाही.

राहिला रोजचा व्यवहार. इथे मराठीकडे एक फार नेमका शब्द आहे, 'आड'. आड टोकं सोडून मोजतो. दिवसाआड पाणी म्हणजे सोमवारी आलं की बुधवारी. दोन दिवसांआड म्हणजे सोमवारनंतर गुरुवारी. उलट आठवडा दोन्ही टोकं धरतो : दिवस सात, नावात आठ, आणि "आठ दिवसांनी ये" म्हटलं की सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारीच येतो. दहावा, तेरावाही पहिला दिवस धरूनच. (पंधरवड्याला मात्र या यादीत ओढू नका, पक्षाच्या तिथी खरोखरच पंधरा असतात.) एकाच गोष्टीला दोन्ही हिशेबांनी नाव पडल्याचं उदाहरण हवं तर ते हिवतापाचं आहे. एक दिवस सोडून येणाऱ्या तापाला आयुर्वेदात तृतीयक ज्वर म्हणतात, कारण टोकं धरून तो तिसऱ्या दिवशी येतो. बोलीत तोच एकांतरा, कारण मधे एक दिवस जातो. दोन दिवस मधे गेले की चतुर्थक.

फसवा आहे तो 'दर'. "दर तीन दिवसांनी" म्हटल्यावर सोमवारनंतर गुरुवार की शुक्रवार, यावर एका घरातही एकमत होत नाही. 'दर तिसऱ्या दिवशी' आणखी वाईट, त्यात बुधवारही उमेदवार होतो. सरकारी पत्रांत "दोन्ही दिवस धरून" असं जोडतात ते उगाच नाही. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर आणि सोसायटीच्या पाण्याच्या फळ्यावर आड वापरा, नाहीतर सरळ वार लिहा.