एक्सेटर युनिव्हर्सिटीचे तीन कॅम्पस आहेत, कुठलाही चालेल का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या एक्सेटरला अप्लाय करताय, तीन कॅम्पस दिसतायत, मग कुठलाही घेतला तर चालेल का. नाही चालणार. मुळात बहुतेक वेळा कॅम्पस आपण निवडतच नाही, कोर्स निवडला की तो आपोआप ठरतो.

मी नागपूरचा, मायनिंगमध्ये मास्टर्स तिथे केलं. ऑफर लेटरवर पेनरिन कॅम्पस असं स्वच्छ लिहिलं होतं तरी माझ्या डोक्यात एक्सेटर शहरच, कारण एजंट म्हणाला होता "अरे सगळं एकच आहे ते". एक्सेटरमध्ये रूमचं डिपॉझिट भरणार, त्याच्या आदल्या रात्री सहज मॅप उघडला तर मधे साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे आपलं नागपूर-चंद्रपूर! वाचलो बाप्पा.

तर एक्सेटर शहरात दोन कॅम्पस. स्ट्रेथम हा मुख्य, बिझनेस, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर वगैरे तिथेच, झाडं भरपूर पण सगळा टेकडीवर, एका चढाला पोरं कार्डिॲक हिल म्हणतात यात सगळं आलं. सेंट ल्यूक्स छोटा, मेडिकल, स्पोर्ट सायन्स आणि शिक्षक व्हायचं असेल त्यांच्यासाठी. या दोघांत चालत जाता येतं.

पेनरिन मात्र वेगळीच दुनिया. इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फॅलमथच्या बंदराजवळ, आणि कॅम्पस फॅलमथ युनिव्हर्सिटीबरोबर शेअर केलेला, म्हणजे लायब्ररीत माझ्या शेजारी ॲनिमेशनवाली पोरं बसायची आणि मी दगडांचे फोटो बघत. कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्स इथे आहे, १८८८ ची जुनी संस्था, १९९३ मध्ये एक्सेटरमध्ये विलीन झाली. कॉर्नवॉलचे खाणकामगार आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत आले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं, लाज वाटली थोडी. पर्यावरण, इकॉलॉजी, जंगली प्राणी यात रस असेल तर पेनरिन डोळे झाकून घ्या, समुद्र आणि माळरान हीच लॅब असते.

पण नोकरीसाठी नेटवर्किंग, मोठं शहर, वीकेंडला लंडन असं डोक्यात असेल तर पेनरिन नको. एक्सेटरहून लंडन रेल्वेने दोन-सव्वादोन तास, पेनरिनहून पाच तासांच्या वर आणि ट्रूरोला गाडी बदला. वाटेत डॉलिशला रूळ अगदी समुद्राला लागून आहेत, २०१४ च्या वादळात ते वाहून गेले होते आणि लाइन दोन महिने बंद होती, अजूनही लाटा उसळल्या की गाड्यांचा गोंधळ होतो. घरांचीही ओढाताण, कारण टुरिस्ट लोकांना भाड्याने देण्यात मालकांना जास्त पैसा, म्हणून हॉस्टेलचा फॉर्म उघडल्या उघडल्या भरा. टर्म चालू असताना व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण तिथे कामं मुख्यतः कॅफे-हॉटेलातली आणि हिवाळ्यात तीही आटतात.

बॅचलर्सला जाणार असाल तर आणखी जपून, कारण लॉ, इतिहास, इंग्लिश, पॉलिटिक्स असे काही विषय स्ट्रेथम आणि पेनरिन दोन्हीकडे आहेत, नावं जवळपास सारखीच. फॉर्म भरताना लोकेशन दोनदा वाचा. डिग्री दोन्हीकडची एक्सेटरचीच, रसेल ग्रुपचा (ब्रिटनमधल्या नावाजलेल्या संशोधन विद्यापीठांचा गट) शिक्काही तोच, २०१२ पासूनचा.

पेनरिन ठरलं तर गोडा मसाला न्या, छत्री नेऊ नका. तिथला पाऊस आडवा येतो, माझी छत्री पहिल्याच आठवड्यात उलटी झाली ती कायमची.