दही सोडू नका, गादी उन्हात घाला

प्रश्न : डॉक्टरताई, मी ३८ वर्षांची शिक्षिका, नाशिकरोडला राहते. पावसाळा सरला की सकाळी डोळे उघडताच शिंकांची माळ लागते, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. शाळेत पोचल्यावर दहाच्या सुमारास बरं वाटतं. सासूबाईंनी माझं दही, केळं, भात सगळं बंद केलंय. मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणते, पण आता त्यांच्याशिवाय झोपच लागत नाही. जन्मभर गोळ्या नकोत. रोजच्या वागण्यात काय बदलू?

उत्तर : ताई, आधी त्या थेंबांचं. नाक झटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपुरतेच असतात. पुढेही घालत राहिलं की औषध उतरताच आतली सूज उलट वाढते आणि पुन्हा बाटली हातात येते. ते कसे सोडायचे हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ते बहुधा नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे देतील. नाव ऐकून घाबरू नका, मात्रा फार कमी असते. मात्र पुरता गुण यायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात, तेवढा धीर धरा. मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या दिशेने ठेवा.

आता दही. खाण्याची खरी ॲलर्जी बहुतेक वेळा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत दिसते : अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते. तुमच्या शिंका अंथरुणात सुरू होतात आणि घराबाहेर पडल्यावर थांबतात. दोष ताटात असता तर असं झालं नसतं. सासूबाई काळजीपोटीच सांगतात, त्यांना हे नीट समजावून सांगा आणि दहीभात खा.

माझा संशय तुमच्या गादीवर आहे. गादी-उशीत धुळीतले किडे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. पावसाळ्यातल्या ओलाव्यात त्यांची संख्या वाढते आणि दसरा-दिवाळीपर्यंत गादीत ती घाण साचलेली असते. त्यात आपल्याकडे निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की माळ्यावरच्या गोधड्या आणि रग तसेच अंगावर येतात! त्या आठवड्यात माझ्या पंचवटीतल्या दवाखान्यात शिंकणाऱ्यांची गर्दी होते. यंदा गोधड्या आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच घ्या. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, नुसत्या गार पाण्याने किडे मरत नाहीत. गादी गच्चीवर उन्हात घाला, पण बडवायचं काम दुसऱ्या कोणाला द्या. उशीला आणि गादीला दाट विणीची चेनवाली खोळ शिवून घेता आली तर फार उत्तम. झोपायच्या खोलीत कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. मच्छर अगरबत्ती आणि धूपही तिथे नको. त्यांचा धूर सुजलेल्या नाकाला सोसत नाही.

दुसरा संशयित गाजर गवत. रेल्वेच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर पाऊस संपता संपता ते पांढऱ्या फुलांनी भरतं आणि त्याचे परागकण हवेत उडतात. घराजवळ असेल तर पुढच्या पावसाळ्यात फुलं येण्याआधीच उपटून घ्या, तेही हातमोजे घालून आणि दुसऱ्याकडून. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, कपडे बदला.

संध्याकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं तसंच अजिबात नको. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ पुरे.

गोळीबद्दलची तुमची अढी मला कळते. हे सगळं मनापासून केलंत तर गोळी कमी लागू शकेल, पण लागली त्या दिवशी जरूर घ्या. फक्त काही गोळ्यांनी झापड येते, म्हणून स्कूटरवर बसायच्या आधी नको, रात्री घ्या.

छातीत शीळ वाजली, रात्री खोकल्याने जाग आली किंवा जिना चढताना दम लागला, तर मात्र घरी काही करत बसू नका, लगेच तपासून घ्या. तो दमा असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत.