वन्यजीववेड्या 15 वर्षांच्या मुलाला घेऊन दिवाळीत ताडोबा की कान्हा? पाच दिवसांत सहा सफाऱ्या पुरतील का?

सहा सफाऱ्या! हे वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा 15 वर्षांचा, 'वाइल्डलाइफचं प्रचंड वेड', सोबत सासूबाई आणि सात वर्षांची धाकटी, दिवाळीचे पाच दिवस. गेट कुठलं, रिसॉर्ट कसं हवं, गाडीत बसून किती तास होतील, सगळं तुम्ही लिहिलंय. मुलाला नक्की काय आवडतं हे मात्र कुठेच नाही. वेड कशाचं? पक्ष्यांचं? सापांचं? वाघाचे व्हिडिओ बघतो म्हणून वेड, की पावसाळ्यात घरात आलेला किडा पेल्याखाली झाकून तासभर बघत बसतो म्हणून वेड? या दोन मुलांच्या सहली वेगवेगळ्या असतात. मला हे कळायला एक सफारी वाया घालवावी लागली आणि भावाशी आठ-नऊ महिने अबोला धरावा लागला.

माझी मुलगी तेव्हा 14 वर्षांची होती. तिला कोळ्यांचं वेड. घरात जळमटं काढायची नाहीत, झाडू मारायचा तर आधी तिला विचारायचं, अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. आमच्या कुटुंबात सहलींचं खातं दादाकडे. माझा मोठा भाऊ, गेली वीस वर्षं नागपुरात, त्यामुळे ताडोबा म्हणजे त्याच्या घरचं परसदार असा त्याचा समज. त्यानं फोन केला, "तुझ्या पोरीला प्राण्यांचं वेड आहे ना, मग या दिवाळीला सगळे ताडोबा. मी बघतो सगळं." आणि त्यानं खरंच सगळं बघितलं. अकरा माणसं, दोन जिप्सी, पाच सफाऱ्या. मुलीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

दिवाळीतलं ताडोबा वेगळं असतं, हे लोक सांगत नाहीत. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, पावसाळ्यात बंद असतो, 1 ऑक्टोबरला उघडतो. गवत माणसाच्या छातीएवढं, पाणी जागोजागी. वाघाला पाणवठ्यावर यायची गरजच नसते, तो गवतात दहा फुटांवर बसलेला असला तरी दिसत नाही. वाघ बघायचाच असेल तर एप्रिल-मे, आणि त्याबरोबर चंद्रपूरचं ऊन. पण पावसाळ्यानंतरच्या या दोन-तीन महिन्यांत तिथे दुसरी एक गोष्ट असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांमध्ये ताणलेली मोठाली जाळी, सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यातला धागा सोन्यासारखा पिवळा चमकतो, आणि मधोमध तळहाताएवढी पसरलेली कोळीण. जायंट वूड स्पायडर. जिप्सीत उभं राहिलात तर डोक्याच्या थोडं वरून जाळं सरकतं.

पहिल्याच सकाळी मुलीला ते दिसलं. "काका, थांबवा ना, दोनच मिनिटं." ड्रायव्हरनं वेग कमीही केला होता. तेवढ्यात पुढून चितळाचा कॉल आला, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर ते ओरडतं तसा, समोरून येणाऱ्या जिप्सीवाल्यानं हातानं खूण केली, आणि दादा म्हणाला, "चल चल चल! कोळी बघायला आलोय का इथं? आमच्या माळ्यावर ये, शंभर दाखवतो." सगळे हसले. मीही हसलो, आणि वर तिला म्हणालो, "नंतर बघू गं, शांत बस जरा." हे 'नंतर' काय असतं ते मुलांना बरोबर कळतं.

वाघीण दिसली. बारा-पंधरा जिप्सी एकमेकींना खेटून उभ्या, धूळ, पेट्रोलचा वास, आणि गाड्यांच्या मधल्या फटीतून रस्ता ओलांडणारी वाघीण, फार तर वीस सेकंद. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मोबाइल आत चालत नाही म्हणून दादानं मोठा कॅमेरा आणला होता, त्यात शेपूट आणि मागचा एक पाय आला. तो फोटो अजून त्याच्या दिवाणखान्यात आहे, फ्रेम करून.

दुपारच्या सफारीला मुलगी म्हणाली, मी येत नाही. का? तर "मला नाही यायचं." दादाचा पारा चढला. परमिट तिच्या नावावर, ओळखपत्र लावून काढलेलं, ऐनवेळी दुसऱ्याला देता येत नाही, पैसे परत नाहीत. "माज आहे नुसता. हिच्यासाठी एवढं केलं." माझ्या आईची कंबर सकाळच्या गचक्यांनी धरली होती, ती म्हणाली, मी राहते हिच्याजवळ, तुम्ही जा. आणि मी गेलो. राहायला हवं होतं, हे मला गेटवर पोचायच्या आतच कळलं होतं, तरी गेलो. दादासमोर वाद नको म्हणून.

त्या दुपारी आम्हाला रानडुकरं आणि मोर दिसले. संध्याकाळी परत आलो तर आई आणि मुलगी रिसॉर्टच्या कुंपणाजवळ दोन खुर्च्या टाकून बसलेल्या. दोन झाडांत तसंच जाळं होतं. मुलीनं आजीला तीन तास शिकवणी दिलेली दिसत होती, कारण आईनंच मला सगळं दाखवलं. मधली ती मोठी, ती मादी. वरच्या कोपऱ्यात तो लालसर ठिपका आहे ना, ते कचरा नाही, तो नर. तिच्यापुढे तांदळाच्या दाण्याएवढा. आणि कडेला चंदेरी थेंबासारखे आहेत ते तिसऱ्याच जातीचे, फुकटे, तिच्या जाळ्यात अडकलेले बारके किडे चोरून खातात. आई म्हणाली, "नवरा बघ केवढासा, कोपऱ्यात गप्प. आणि हे आयते खाणारे पाहुणे वेगळे. आपलंच घर की रे." 78 वर्षांची बाई, जन्मभर जळमटं काढत आलेली.

रात्री जेवताना दादानं पुन्हा परमिटचा विषय काढला आणि मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर सहल कुणासाठी होती यावर भांडण झालं. त्याचं म्हणणं होतं, एवढे पैसे घालून माणूस जंगलात जातो तो वाघासाठीच, बाकी सगळं घराच्या मागे दिसतं. माझं म्हणणं तेव्हा मला नीट मांडता आलं नाही. आज मांडतो, तुमच्या निमित्तानं.

वाघ बघायला जाणं वेगळं आणि जंगल बघायला जाणं वेगळं, जंगल बघायचं तर थांबावं लागतं. जिप्सी हे थांबायचं वाहनच नाही. सहा जणांनी पैसे भरलेत, गाइडला माहितीये की वाघ दाखवला तर बक्षिशी बरी मिळते, गेटवर वेळेत परतायचं असतं. त्या गाडीत नीलपंखासाठी थांबा म्हणणारा मुलगा हा बाकी पाच जणांचा शत्रू होतो. ज्याला खरं वेड आहे त्याला त्याच गोष्टीपाशी थांबू न देणं ही शिक्षाच आहे, आणि आपण ती वाढदिवसाची भेट म्हणून देतो.

पुढच्या जुलैत मी, बायको आणि मुलगी, तिघंच आंबोलीला गेलो. जागा मुलीनं निवडली, तारखा तिनं ठरवल्या, माझं काम फक्त गाडी चालवणं. सिंधुदुर्गातली आंबोली तुम्हाला धबधब्यासाठी माहीत असेल. शनिवार-रविवारी तिथे जाऊच नका, धबधब्यापाशी जत्रा असते. आम्ही मंगळवार ते शुक्रवार राहिलो. जेवण झाल्यावर तिथल्याच एका माहितगार मुलाबरोबर बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायचं, दोन-तीन तास, बहुतेक रस्त्याच्या कडेनंच. पाऊस थांबतच नाही. जळवा चढतात, तंबाखूचं पाणी वगैरे उपाय सगळे सांगतात, मला कशाचाच फरक जाणवला नाही. लांब मोजे घालायचे आणि चढली की काढायची.

मलबारी चापडा एका फांदीवर वेटोळं करून बसला होता. मुलगी त्याच्यापासून योग्य अंतरावर उकिडवी बसली आणि चाळीस मिनिटं उठली नाही. साप चाळीस मिनिटं हलला नाही. मी तीन वेळा घड्याळ बघितलं. ती म्हणाली, "बाबा, बॅटरी खाली धरा, त्याच्या डोळ्यावर येतेय." दुसऱ्या रात्री तो तिथेच, त्याच फांदीवर. असाच दबा धरून बसतो म्हणे, भक्ष्य समोर येईपर्यंत. तिसऱ्या रात्री मला स्वतःलाच आधी जाऊन बघावंसं वाटलं, आहे का अजून. होता.

उडत्या बेडकांची घरटी मला पहिली दिसली, हे मी आवर्जून सांगतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला, पानात गुंडाळलेला फेसाचा गोळा. आत अंडी. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती थेट खालच्या पाण्यात पडतात. दिवसा हिरण्यकेशीच्या मंदिरात गेलो, तिथल्या कुंडात एक छोटा मासा आहे, 2020 मध्ये विज्ञानाला नव्यानं कळलेला, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मंदिरात येणारे शेकडो लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. बायकोनं त्या चार दिवसांत दोन कादंबऱ्या संपवल्या आणि रात्रीच्या एकाही फेरीला आली नाही. आधीच ठरलं होतं तसं, कुणी रुसलं नाही.

शेवटच्या रात्री जांभ्याच्या सड्यावर आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक दिसला. अंगठ्याच्या पेराएवढा असेल, मातकट, कुशीवर पिवळसर-काळे पट्टे. 2009 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि त्या पट्ट्यांमुळे नावात वाघ आला, टायगेरिना. जगात फक्त याच भागात सापडतो. मुलीनं दादाला मेसेज टाकला, "काका, वाघ दिसला. एकही जिप्सी नव्हती." सोबत फोटो. दादाचं उत्तर दोन दिवसांनी आलं, एक अंगठा. तिथून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्याचं मत बदललेलं नाही, माझंही नाही.

आता तुमचं. आधी मुलाला एका कागदावर पाच प्राणी लिहायला सांगा, तुम्ही समोर बसू नका. यादीत वाघ पहिला असेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या आणि ताडोबाला जा, वाघाचं वेड हेही वेडच आहे, त्यात कमीपणा नाही. बाराशिंगा असेल तर कान्हा. कठीण जमिनीवरचा बाराशिंगा, म्हणजे त्या हरणाची तिथली उपजात, 1970 च्या सुमारास फक्त 66 वर आला होता आणि तो तिथेच वाचला, अशा मुलाला ही गोष्ट आधी सांगून न्या. घुबडं असतील तर मेळघाट. 1884 नंतर शंभराहून जास्त वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आता तो मेळघाटात बघायला मिळतो आणि दिवसा फिरतो, धाकटीलाही झोपमोड नाही. आकाशाचंही वेड असेल तर महाराष्ट्रातलं पेंच, 2024 मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं जंगल. बेडूक-साप निघाले तर दिवाळीचा हट्ट सोडा, जुलैपर्यंत थांबा. कासवं निघाली तर मार्चमध्ये कोकणातलं वेळास, पण तिथे राहायला गावातली घरं असतात, रूम सर्व्हिस विचारू नका.

ताडोबा ठरलंच तर मंगळवारी बंद असतं, कान्हा बुधवारी दुपारी. या वारांवर आरक्षण बेतता बेतता लोक एक दिवस घालवून बसतात. कोअरचं परमिट मिळालं नाही म्हणून रडू नका, कोअरभोवतीच्या बफरमध्येही वाघ असतात आणि गर्दी कमी असते. पहाटे उघड्या जिप्सीत दिवाळीतही थंडी वाजते, सात वर्षांच्या मुलीला कानटोपी लागेल. आणि हो, मी रात्रीचं फिरणं एवढं रंगवून सांगितलं, पण ते माहितगार माणसाशिवाय अजिबात करायचं नाही. बेडूक-साप हातात घेऊन फोटो काढून देणारा गाइड भेटला तर तिथूनच परत फिरायचं. वन्यजीव कायदा 1972 सालचा आहे, लोकांना अजून कळायचाय.

सफाऱ्या दोन पुरेत, सहा नकोत. सकाळच्या फेरीला सगळे जा, सासूबाईंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा, शेवटच्या रांगेत गचके सगळ्यात जास्त. दुपारच्या फेरीला त्यांना विचारा, येता का. मुलगा म्हणाला मी आजीजवळ राहतो, तर परमिटचे पैसे बुडू द्या आणि तुम्हीही राहा.